चीजची तार, चीजचं तारण

सांगलीत हल्ली कशावर चीज पडत नाही ते सांगा. डोशावर पडतं, पावभाजीवर पडतं, दाबेलीतही शिरलंय. विश्रामबागेतल्या गाड्यांपुढे उभं राहिलं की "चीज मारू का?" असं विचारतात, आणि आपण मान हलवायच्या आत किसणी सुरू झालेली असते. भडंग अजून शाबूत आहे, पण भरवसा नाही.

बरं, हे चीज चवीसाठी कुणीच खात नाही. चव मसाल्याची. चीजनं फक्त तार धरायची, म्हणजे घास तोडताना फोटो निघतो. आता खरी तार मोझरेलाची. क्यूबमधलं प्रोसेस्ड चीज म्हणजे तयार चीज किसून, क्षार घालून पुन्हा वितळवलेलं. स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली ही युक्ती निघाली. ते वितळून पसरतं, फारसं ताणत नाही. त्याहून स्वस्त हवं तर ॲनालॉग आहेच, त्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल. ज्या जिल्ह्यात भिलवडीला १९३९ पासून चितळ्यांची डेअरी आहे, गावोगावी पहाटे संकलन केंद्रावर किटल्या लागतात, तिथं आपण तेलाची तार ओढत बसायचं? मला तरी हे पचत नाही.

तिकडे इटलीत पार्मिजानो या मुरवलेल्या चीजचं एक चाक साधारण ४० किलोचं. त्याला पाचशे लिटरच्या वर दूध लागतं आणि किमान बारा महिने ते मुरवावं लागतं. एवढा काळ पैसा अडकणार, म्हणून तिथली क्रेडिटो एमिलियानो ही बँक १९५३ पासून ही चाकं तारण ठेवून कर्ज देते. बँकेच्या गोदामात चीज मुरतं, चीजवाल्याचं घर चालतं.

जगाला याचं फार अप्रूप. सांगलीकराला कशाला वाटेल? इथं शीतगृहातल्या बेदाण्यावर कर्ज निघतं, हळदीवर निघतं. हरिपूरला तर जमिनीतल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राहायची. माल ठेवून भावाची वाट बघणं इथल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

मग दूधच का मुरत नाही? एक तर दुधाचं बिल दर दहा दिवसांनी हातात पडायला हवं, पेंडवाला वर्षभर थांबत नाही. आणि दुसरं कारण आमच्या घरातच आहे. आईच्या हिशेबात उरलेल्या दुधाचं दही, दह्याचं ताक-लोणी, लोण्याचं तूप. तूप टिकतं, बाकी सगळं दोन दिवसांत शिळं. एकदा मी मुरवलेलं चेडर आणलं, तेही हिरवा ठिपका बघून. पार्मिजानोचं दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट लागतं, ते आमच्याकडे चाललं नसतं. आईनं वास घेतला आणि विचारलं, "हे टाकायचं राहिलंय का रे?"

तेव्हा मुरवायचा नाद सोडावा, असं माझं मत. पण मोझरेलाला काय हरकत आहे? ते ताजंच खायचं असतं. इटलीतल्या कॅम्पानियात तर ते म्हशीच्या दुधाचं करतात, आणि म्हशींची आपल्याकडे काय वानवा! ओळखीतल्या एका डेअरीवाल्यांपुढे हे सगळं मांडलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"करू की," ते म्हणाले. "पण त्या भावात गाडीवाला घेईल का, ते आधी इचारून या."