तुम्ही विचारलंत म्हणून: 'रा. रा.' कुणाला लागायचं?

"जुन्या पेपरांची भाषा किती आदराची होती, नाही?" मी जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींचं काम करते हे कळलं की हा प्रश्न ठरलेला. मी तोंड वाकडं केलं की दुसरा: "तुम्हाला त्यात एवढं काय खुपतं?" बरीच वर्षं हसून टाळलं. आता एकदाच लिहून टाकते.

आदर होता हो. भरपूर होता, पण मापून. बऱ्यापैकी घरच्या माणसाला रा. रा., म्हणजे राजमान्य राजेश्री. शास्त्रीबुवांना वे. शा. सं., म्हणजे वेदशास्त्रसंपन्न. सरकारनं किताब दिला की रा. सा. (रावसाहेब), रा. ब. (रावबहादूर). नवरा असेपर्यंत सौ., गेला की गं. भा. (गंगाभागीरथी); बाईचं कुंकू छापखान्यातसुद्धा पुसायचे. आणि उरलेल्यांना नाव आणि जात. एकाच बातमीत इनामदार 'म्हणाले' आणि त्यांचा गडी 'म्हणाला'. (आपण तरी काय सुधारलोय? कुणी पकडला गेला की गुन्हा शाबीत व्हायच्या आधीच 'यांनी'चा 'याने' होतो.)

हे मला पहिल्यापासून दिसत होतं का? खोटं कशाला बोलू, नव्हतं. हाडवैरीसुद्धा एकमेकांना रा. रा. लावून भांडायचे, यावर मीच एक गोड गोड लेख लिहिला होता. लोकांना फार आवडला.

मग ती यादी सापडली.

अण्णांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, यांचं नाव एकदा पेपरात आलं होतं, असं आमच्या घरात सांगत आलेत. शाळेच्या इमारतीला वर्गणी दिली म्हणून. कुठला पेपर, कुठलं साल, कुणाला ठाऊक नाही. "तुझ्या हाताखालूनच जाईल बघ एक दिवस," अण्णा म्हणायचे. एका मे महिन्यात खरंच गेलं. 1913चा अंक, कागद पापडासारखा, शेवटच्या पानावर 'वर्गणीची पोच'. वर एक रा. ब., खाली ओळीनं रा. रा., रकमा रुपयांत. सगळ्यात शेवटी: 'सखा रावजी महार, 4 आणे.'

पणजोबांचं नाव सखाराम. जागा नव्हती म्हणावं, तर नावाच्या पुढे बोटभर कोरा कागद होता. मी बोट ठेवूनच पाहिलं.

अण्णांना मोतीबिंदू, ती बारीक अक्षरं दिसणार नव्हती. म्हणून घरी येऊन सबंध यादी मोठ्या अक्षरांत टाइप केली. शेवटच्या ओळीला आले आणि टाइप केलं: 'रा. रा. सखाराम रावजी, 4 आणे.' अण्णांनी भिंग धरून वाचलं. थांबले. "रा. रा.?" म्हणाले. मी म्हटलं, "हो." त्यांनी कागदाची फ्रेम करून घेतली, गल्लीतल्या झाडून सगळ्यांना दाखवली. गेले तेव्हाही ती कॉटसमोर होती.

मूळ कागदातला काना-मात्रा बदलायचा नाही, म्हणून मी पोरापोरींना रडवलंय. आणि ही माझी नक्कल.

बिघडलं काय, असंही वाटतं. हक्काचं होतं ते दिलं. पण हक्काचं काय होतं, ते दोन शब्द? 1920 साली 'मूकनायक' निघाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे मोजूनही 'केसरी'नं छापली नाही, असं बाबासाहेबांनी पुढे लिहिलंय. 1927 साली निघालेल्या 'बहिष्कृत भारत'नं मागितली ती माणुसकी. आम्हाला रा. रा. म्हणा, असं सांगायला कुणी महाडच्या तळ्यावर गेलं नव्हतं. हे मला अण्णांनीच शिकवलेलं. आणि मी त्यांना देऊन काय दिलं, तर त्याच यादीतला बिल्ला!

पण त्यांचा चेहरा तुम्ही पाहिला नाहीत.

कधी वाटतं, त्यांनी ओळखलं होतं. 'रा. रा.?' म्हणताना ते भिंगाकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

फ्रेम आता भावाकडे आहे. भाच्याला शाळेच्या प्रकल्पासाठी मूळ पानाचा फोटो हवाय, तीनदा मेसेज आला. फोटो मोबाइलमध्येच आहे. अजून पाठवलेला नाही.