मान्सून मावशी, लेव्हल नऊ

मंगळवार, रात्री सव्वाअकरा

रविवारपासून गेममधल्या एका अनोळखी खेळाडूचं एकच वाक्य डोक्यात घोळतंय. ‘नवीन दिसतेस. घाबरू नकोस, मी आहे.’

आणि किती प्रेमाने म्हणाला. खेकसला असता तर परवडलं असतं, निदान मला उलट बोलता आलं असतं.

सकाळचे साडेसहा. न्यूयॉर्ककडे तेव्हा आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात, त्यामुळे सिटी ऑफ हिरोज ह्या सुपरहिरोंच्या ऑनलाइन गेममध्ये गर्दी हवी असेल तर आपण पहाटे उठायचं. आई न्हाणीत पाणी तापवत होती, धूर इकडे येत होता. अ‍ॅटलास पार्कात तो पृथ्वी उचललेला पुतळा आहे ना, त्याच्या पायाशी मी मावशीला घेऊन उभी होते. मान्सून मावशी, माझं पात्र. वय चौसष्ट. चाळीस वर्षं समुद्रावर जाऊन वादळं माघारी पाठवली, मग गुडघे गेले, निवृत्त झाली, आता परत आलीय. नऊवारी तिथल्या शिंप्याकडे मिळत नाही, म्हणून लांब झग्यावर भागवलंय. तिची गोष्ट मी वहीत लिहिली २०२१च्या मे महिन्यात, तौक्ते येऊन गेल्यावर. आठ दिवस लाईट नव्हती आणि खळ्यात माड आडवा पडला होता. किनाऱ्यावर उभं राहून ‘बास झालं’ म्हणणारी कोणीतरी हवी होती, एवढंच तेव्हा वाटलं होतं. गेममध्ये मात्र तिला उतरवली ती आत्ता, दिवाळीनंतर.

तर एवढी मोठी बाई, आणि लेव्हल नऊ.

वाऱ्याची एक फुंकर येते तिला. समोरचे दोन गुंड धडपडतात, उठतात आणि परत अंगावर येतात. चक्रीवादळ, विजांचं वादळ वगैरे पुढे कधीतरी. परवा बायकांच्या पर्स हिसकावणाऱ्या हेलियन टोळीतल्या दोन पोरांनी तिला लोळवून हॉस्पिटलात पाठवली. वादळं अडवणारी मावशी! मी मनात म्हटलं, गुडघे दुखत असतील.

आणि मग हा आला. लेव्हल पन्नासचा. अंगाभोवती सोनेरी ज्वाळा, खांद्यावर केप, जमिनीपासून वीतभर वर तरंगत. मी टाइप करत होते, मावशी पुतळ्याकडे बघून म्हणते, ‘आमच्या वेळी इथे एवढा उजेड नव्हता.’ त्याने ते वाचलं की नाही कोण जाणे. माझ्यावर क्लिक केलं असणार, नऊ आकडा दिसला असणार. म्हणाला, नवीन दिसतेस. वर दहा लाख दिले. तिथल्या पैशाला इन्फ्लुअन्स म्हणतात, आपल्या भाषेत वजन. एका पोराने मावशीला दहा लाखांचं वजन फुकट दिलं आणि उडून गेला.

मी ‘थँक यू’ म्हणाले. तेच जास्त लागलंय.

एरवी ह्या लेव्हलच्या भानगडीवर माझं डोकं शांत असतं. खेळणाऱ्यांची एक जात म्हणते, आकडा फक्त मारामारीपुरता, गोष्टीत त्याला विचारू नये. दुसरी जात म्हणते, आकडा म्हणजे अनुभव. नऊच्याने नऊसारखंच राहावं, देव असल्याच्या गप्पा मारू नयेत. तीन हजार वर्षांचे देव तिथे पैशाला पासरी, आणि प्रत्येकाची शक्ती नेमकी गेल्याच आठवड्यात गेलेली. स्मृतीही बहुतेकांची गेलेली असते. काहीजण एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण, बंद करून ठेवतात, कारण त्यांचं पात्र शाळकरी पोर आहे आणि त्याला पोरच राहायचंय. हे मला आवडतं. गेम स्वतः लेव्हलला म्हणतो ‘सिक्युरिटी लेव्हल’, म्हणजे शहराने तुम्हाला कुठवर मोकळीक दिलीय तो शिक्का. तुमची ताकद त्यात कुठेच लिहिलेली नाही. वरची हद्द पन्नास, २००४ साली गेम आला तेव्हा चाळीसच होती. उडायला चौदावी लेव्हल लागायची आणि केप अंगावर घ्यायला विसावी. आता चारलाच उडतात. पन्नास गाठायला मला माझ्या पहिल्या पात्राबरोबर दीड वर्ष लागलं. हल्ली कोणीतरी आत सगळे गुंड मारत असतो, आपण दाराशी बसून राहायचं, संध्याकाळपर्यंत तुमचा आकडा फुगतो. त्या सोनेरीवाल्याचं पन्नास तसलंच असेल. असणारच. (असेल असं मला वाटायला हवंय, हेही खरं.)

आणि तो खाली येऊ शकला असता. टीमचा पुढारी नऊचा असेल तर पन्नासचा माणूसही त्याच्या बरोबरीला उतरतो, वरच्या शक्ती तेवढा वेळ बंद. उलटं, तो पुढारी असता तर मी एकोणपन्नास झाले असते, पण हाताशी तीच फुंकर. गेममध्ये ही एवढी सोय करून ठेवलीय, आणि हा दहा लाख देऊन मोकळा.

पतसंस्थेत काल नवीन साहेब म्हणाले, ‘मॅडम, हे सॉफ्टवेअर तुम्हाला जरा जड जाईल, मी दाखवतो.’ व्हाउचर भरायला त्यांना कोणी शिकवलं होतं? ते असो. ह्याचा आणि त्याचा काही संबंध नाही.

काल रात्री देवळात जत्रा. जायचं नव्हतं, आई हट्टाला पेटली. तात्यांचं दशावतारी नाटक होतं. इतकी वर्षं आमच्या डोळ्यांसमोर तात्या म्हणजे राजपार्टी, राजाचं काम करणारे. बाकड्यावर बसले की ते बाकडं सिंहासन व्हायचं. यंदा प्रधान. राजा कोण, तर बागेत कलमांना पाणी घालायला येतो तो पोरगा, वय एकोणीस. आधी रंगपटात डोकावले तर तो तोंडाला रंग लावून तात्यांच्या पाया पडत होता, आणि दहा मिनिटांनी बाहेर तात्या त्याच्यापुढे वाकून ‘आज्ञा महाराज’.

दशावतारात संहिता नसते, सगळं आयत्या वेळी बोलायचं. मध्यरात्रीनंतर पोरगा अडकला. पुढचं सुचेना, नुसता तलवार चाचपत राहिला. पखवाजवाल्याने दोन थापा वाढवून मारल्या, तरी नाही. मी श्वास धरून बसले. तात्या कमरेत वाकलेलेच होते, तसेच राहून म्हणाले, ‘महाराजांच्या मौनाचा अर्थ ह्या सेवकाच्या ध्यानी आला,’ आणि पुढची चार-पाच मिनिटं एकटेच बोलले. शेवटच्या वाक्याला आवाज असा उतरवला की पुढचं वाक्य पोराच्याच तोंडात येऊन पडलं. टाळ्या पोराला. तात्या मागे सरकले आणि धोतराला हात पुसले.

पहाटे चहाच्या टपरीवर गाठलं त्यांना. अर्धा रंग अजून कानामागे होता. विचारलं, ‘तात्यानू, वायट वाटणा नाय?’

‘कसला वायट? मुकुट घातल्यान की तो राजा. काढल्यान की चाय हाडूक तोच जातलो.’

आणि खरंच पोरगा तीन ग्लास घेऊन येत होता. रात्री राजा, सकाळी कपाळार बोजा, हे आमच्याकडे सगळेच म्हणतात. ह्याच्या डोक्यावर तर नाटकाच्या सामानाचा पेटारा चढायचाच होता अजून.

मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं, आता घरी जाऊन झोपावं. तेवढ्यात तात्यांनी पोरगा लांब गेलासा बघून हळूच विचारलं, ‘ता माझा मौनाचा वाक्य... मागे बसलेल्यांका आयाकला मा?’

मला इतकं हसू आलं. आणि इतकं बरं वाटलं की काय सांगू. म्हटलं, ‘पार विहिरीपर्यंत आयाकला.’

मीही लोकांना ‘नवीन दिसतोस’ म्हटलेलं आहे. दोनदा तरी. माझ्या पन्नासच्या अंगावरही ज्वाळा आहेत, निळ्या.

आज संध्याकाळी मावशीच्या माहितीच्या चौकटीत भर घातली. शहराचा शिक्का असेल तर त्याचं नूतनीकरणही असणार. ‘परवाना १९८१चा. मुदत संपलेली. खिडकीवरच्या मुलाने सांगितलं, आजी, जुना रेकॉर्ड सिस्टीममध्ये दिसत नाही, एकपासून सुरू करा. वादळांच्या पावत्या घरी पिशवीत आहेत.’ लिहून झाल्यावर तीनदा वाचलं. सोनेरीवाल्याने ते वाचावं असं मला वाटतंय का? वाटतंय. पिशवी प्लास्टिकची लिहावी की कापडी, ह्यातच अर्धा तास गेला. शेवटी कापडी ठेवली.

दहा लाखांना हात लावलेला नाही. परत पाठवावेत तर त्याचं नाव नीट आठवत नाही, नुसती केप आठवते.

साडेसहाचा गजर लावलाय. लाईट असली तर बघते.