लव्हाळ्याचं सरबत

घरातनं निघाले तेव्हा बॅगेतले निम्मे कपडे दमट होते. बेळगावकडच्या जांबोटीच्या अलीकडं ज्यांचं घर आहे, त्यांना जुलैत सुकलेलं कापड कसं असतं हे आठवावं लागतं. चुलीवरच्या दोरीला टाकायचे आणि धुराच्या वासाचे झाले की सुकले म्हणायचं. भाताची लागण आटोपली होती, रताळ्याचे वेलही लावून झाले होते. लेक दोन वर्षं मागं लागली होती, "आई, एकदा तरी ये." ती स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाला शिकते, भूमध्य समुद्राच्या काठी. "फक्त उन्हाळ्यात येऊ नको," असंही तीच सांगायची. पण मला शाळेतनं निवृत्ती मिळाली असली तरी शेतातनं सुट्टी मिळते ती लागण आणि भांगलण यांच्या मधेच. तेव्हा नेमका त्यांचा भर उन्हाळा. मग काय, गेले.

विमानतळाच्या दारातनं बाहेर पाऊल टाकलं आणि तापल्या तव्याजवळ तोंड नेल्यागत झालं. लेक म्हणाली, "आज पोनिएंते सुटलाय." पोनिएंते म्हणजे पश्चिमेचा वारा. एरवी समुद्रावरनं वारा येतो, घाम काढतो पण भाजत नाही. हा मात्र आतल्या कोरड्या मुलखावरनं येतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच विमानतळावर ४६.८ अंशांची नोंद झाली होती. आमच्याकडं पश्चिमेचा वारा सुटला की बायका आधी सरपण आत घेतात. मी जन्मभर पश्चिमेकडं बघून पाऊस ओळखत आले, आणि इथं त्याच दिशेला बघून लोक खिडक्या बंद करत होते.

पहिल्याच दुपारी बॅगेतले सगळे कपडे गच्चीतल्या दोरीवर टाकले. तासाभरात पापडासारखे कडक. धुराचा वास तेवढा गेला नाही.

सकाळी नऊला लेक खिडक्यांवरचे पट्ट्यांचे पडदे सर्रकन खाली सोडायची आणि घरात अंधार करायची. दुपारी दोन ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसायचं. रात्री साडेनऊला अजून उजेड, आणि अकरा वाजता चौकात लहान पोरं फुटबॉल खेळतायत, आज्या बाकावर बसून गप्पा मारतायत. मी नऊला झोपणारी बाई. दोन दिवस चिडचिड केली, तिसऱ्या दिवशी मीही बाकावर.

समुद्र बघितला. मालवारोसा नावाची लांबलचक वाळू, ट्रामनं जाता येतं. जुलैतला गोव्याचा दर्या माहीत असल्यामुळं मी जरा लांबच उभी होते. पण हा समुद्र म्हणजे तळंच. भरती-ओहोटीही फार जाणवत नाही. पंच्याहत्तरीच्या बायका पोहायचे कपडे घालून, खुर्च्या पाण्यातच टाकून, घोट्यापर्यंत पाय बुडवून बोलत बसलेल्या. मलप्रभेच्या घाटावर धुणं संपल्यावर आमच्या बायका बसायच्या, तशाच. फक्त इथं धुणं नव्हतं. मीही पंजाबी ड्रेस गुडघ्यापर्यंत ओढून त्यांच्या शेजारी बसले. भाषा येत नव्हती, पण मला वाटतं सुनांविषयीच चाललं होतं.

गावातनं वाहणारी तुरिया नदी आता गावात नाही. १९५७ च्या ऑक्टोबरात मोठा पूर आला, माणसं गेली, तेव्हा त्यांनी शहराच्या दक्षिणेकडनं नवं पात्र खोदून नदी तिकडं वळवली. जुन्या पात्रात मैलोनमैल बाग केली. वर दगडी पूल तसेच आहेत, खाली पाण्याऐवजी झाडं आणि सायकली. सावली छान. पण २०२४ च्या ऑक्टोबरात पुन्हा पूर आला तेव्हा शहर वाचलं आणि दक्षिणेकडची गावं बुडाली, दोनशेवर माणसं गेली. त्या सुमारास लेकीचा फोनवरचा आवाज कसा होता ते मला आठवतं. २०१९ ला मलप्रभा चढली तेव्हा माझा आवाजही तसाच असणार.

पाण्याचंच पुढं सांगते. गुरुवारी दुपारी बाराला कॅथीड्रलच्या दारात पाणी-न्यायालय भरतं. मी हट्टानं गेले. दारापुढं गोलात खुर्च्या, काळे अंगरखे घातलेले आठ जण. हे न्यायाधीश म्हणजे शेतकरीच, तुरियाच्या आठ पाटांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले. ही रीत जवळपास हजार वर्षांची असल्याचं सांगतात. युनेस्कोनं २००९ ला तिला वारसा म्हणून मान दिला. वकील नाही, कागद नाही, सगळं तोंडी, आणि निकाल तिथल्या तिथं. बाराचे टोले पडले. शिपायानं एकेका पाटाचं नाव मोठ्यानं पुकारलं. थांबला. पुढचं नाव. आठही नावं झाली, तक्रार घेऊन कुणीच आलं नाही. सगळे उठून आत गेले. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात कोर्ट संपलं! भोवतीचे पर्यटक हिरमुसले, कुणी कुणी पैसे परत मागतील असं वाटलं.

मला मात्र हलवेना. आमच्यात आणि भाऊबंदांत बांधाच्या एका तोंडावरनं दावा आहे. वरच्या शेतातलं पाणी खाली सोडायचं ते कुठनं, एवढाच प्रश्न. चौदा वर्षं झाली. सासरे तारखा करून करून गेले, आता हे जातात. मोठ्या पाण्याचं तर विचारूच नका. म्हादई नदीच्या पाण्याचा लवाद २०१० ला नेमला, निकाल २०१८ ला आला, कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी दिलं, आणि तेच पाणी इकडं वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेचं बोलणं अजून एसटीत, किराणा दुकानात, सगळीकडं चालूच आहे. लेक म्हणाली, "आई, चल, ऊन लागेल." मी म्हटलं, "थांब गे, जरा खुर्च्या तरी बघूदे."

लेक राहते ते बेनिमाक्लेत. एकेकाळी वेगळं गाव होतं, आता शहरानं गिळलंय, पण शेवटची गल्ली संपली की लगेच शेतं लागतात. एका संध्याकाळी तिकडं फिरायला गेलो. सरळ सऱ्या, मधनं पाटाचं पाणी सोडलेलं, आणि सऱ्यांवर गुडघाभर हिरवं गवत. मी वाकून एक पात उपटली, खालची गाठ बघितली आणि ओरडलेच, "अगे, हा लव्हाळा आहे!"

"चुफा म्हणतात त्याला," लेक म्हणाली.

"काय का म्हणेनात. लव्हाळा मला ओळखू येत नाही होय?"

पुढं कळलं की मी फार चुकले नव्हते. आपला लव्हाळा आणि त्यांचा चुफा एकाच कुळातले, चुलत भाऊ म्हणा. अरबांनी हे पीक तिकडं रुजवलं असं सांगतात. त्याच्या मुळाशी हरभऱ्याएवढ्या गोड गाठी धरतात. त्या वाळवायच्या, भिजवायच्या, वाटून गाळायच्या, साखर घालून थंडगार करायच्या. ओरचाता. अल्बोराया गावातल्या दुकानात बसून प्यायले. नारळाच्या रसात शेंगदाणे वाटून घातल्यागत चव, बरोबर बुडवून खायला लांबट गोड पाव. दोन ग्लास संपवले. कंबर मोडेपर्यंत जे गवत उपटलं, हरळी, लव्हाळा आणि कुंदा (मिठाईच्या दुकानातला नव्हे, शेतातला) या तीन वैऱ्यांतला एक, त्याला ही माणसं खत घालतात, पाणी देतात, त्याचे पैसे करतात. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी दुकानदाराला वेड्यात काढलं असतं.

परतताना रस्त्याच्या वळणावर एक पाटी होती. तिकडं पाट्या दोन भाषांत असतात, व्हॅलेन्सियन आणि स्पॅनिश. पाण्याला एकीत 'आइग्वा', दुसरीत 'आग्वा', एवढ्या जवळच्या. त्या पाटीवर मात्र कुणीतरी स्पॅनिश नावावर काळा रंग फासला होता. मी उभी राहून हसत होते. लेकीला आधी कळेना, मग तीही हसायला लागली. तिनं फोटो काढला. मी तो घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा दिरांनी विचारलं, "ही बेळगावात कुठली गे वैनी?"

येताना थोडे चुफे आणावेत असं मनात होतं. लेकीनं बजावलं, "बी-बियाणं न्यायचं नाही, विमानतळावर पकडतील." तेवढ्यात घरनं फोन आला. पावसाचा आवाज इतका की ह्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

"कधी येतीस? रताळ्यात लव्हाळा माजलाय. भांगलायला एक बाई मिळेना."