मुंगसे मारता कशी?

सुट्टीत घरी आले की कुणी ना कुणी विचारतेच, "प्राण्यांच्या डॉक्टर ना तुम्ही? मग त्या बेटावर मुंगसे मारता कशी?" आजवर मी विषय बदलत आले, पुन्हा विचारलेत, म्हणून एकदाचे लिहिते.

मी काम करते त्या ग्रेनडा या कॅरिबियन बेटावरील मुंगसांमध्ये रेबीज आहे. जिवंत मुंगसाचे रक्त तपासले, तर त्याचा या विषाणूशी पूर्वी संबंध आला होता, एवढेच कळते. ते आज पिसाळलेले आहे की नाही, हे खात्रीने सांगायचे तर मेंदूचा देठ आणि लहान मेंदू तपासावे लागतात, आणि ते जिवंतपणी काढता येत नाहीत. 'मुंगूस मुळी तिथले नव्हेच,' असेही मी पूर्वी ठणकावून सांगत असे. १८७२ मध्ये उसातल्या उंदरांसाठी कोलकात्याहून नऊ मुंगसे जमैकात नेली आणि मग ती इतर बेटांवर पोहोचली. (उंदीर रात्री फिरतात आणि मुंगूस दिवसा, याचा विचार मळेवाल्यांनी केला नसावा.) पण आपल्याच देशातून पिंजऱ्यात घालून नेलेल्या प्राण्याला उपरा ठरवून मारणे समर्थनीय कसे, याचे उत्तर तेव्हाही माझ्याकडे नव्हते.

एकदा जायफळाच्या बागेत सकाळी पिंजरे लावले. दहापर्यंत पाहायला हवे होते. मी अहवाल लिहीत बसले आणि दोन वाजता पोहोचले. एका पिंजऱ्यावरची सावली केव्हाच सरकली होती. आतले मुंगूस मेले होते. नाक जाळीत रुतलेले, हनुवटीखालचे केस लाळेने चिकटलेले, पुढच्या पायाची दोन नखे तुटलेली, आमिषाची मासळी तशीच. लहानपणी मुंगूस दिसले की आम्ही रामाची शपथ घालून त्याला तोंड दाखवायला लावायचो. त्या दुपारी ते न मागता समोर होते. उन्हाने मेंदूचा लगदा झाल्यामुळे तपासणीही झाली नाही, म्हणजे तो जीव कुणाच्याच उपयोगी पडला नाही. नोंदवहीत मी 'नमुना अयोग्य' असे लिहिले, जे खरेच होते; कारणाचा रकाना कोरा ठेवला.

माझ्या एखाद्या नमुन्याने कुणाचा जीव वाचला, असे मला दाखवता येणार नाही. तरीही रोग कुठे आहे हे कळल्याशिवाय लसीची आमिषे कुठे टाकायची, हे ठरत नाही, असे मी आजही म्हणेन, आणि आवाज थोडा चढलेलाच असेल. पिंजरे आता तासातासाला पाहते. तो रकाना नंतर भरला का, एवढे मात्र विचारू नका.