आमची वाटचाल : जिन्याखालच्या पॅनलपासून

लातूरच्या ट्युशन एरियात मी आधी वायरिंग आणि इन्व्हर्टरची कामं करायचो. एका चार मजली होस्टेलवर बॅटऱ्या बदलायला गेलो, तर जिन्याखाली फायर अलार्मचं पॅनल, एकही दिवा न लागलेलं. वॉचमनमामा म्हणाले, "सायेब, रातच्याला उगंच वाजालतं. लेकरं झोपंना गेले, म्हणून मीच वायर काढलो."

मामांचा राग आला नाही. रोज खोटं ओरडणाऱ्या हूटरवर कोण विश्वास ठेवणार? तिसऱ्या मजल्यावरचा धूर ओळखणारा डिटेक्टर खोलला, तर आतल्या काळ्या कप्प्यात बारीकसा कोळी. या कप्प्यातला प्रकाश एरवी सेन्सरवर पडत नाही; धूर शिरला की तो विखुरतो आणि सेन्सरला दिसतो. कोळी असो की आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ, डिटेक्टरला तोही धूरच. ब्रशने साफ केलं, वायर जोडली. रात्री हूटर गप्प राहिला.

मग हेच काम शिकलो. एका जुन्या एजन्सीच्या हाताखाली उमेदवारी केली, पुढे स्वतःचं लायसन्स काढलं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी लायसन्सधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. "तपासायचं राहू द्या, नुसता फॉर्म द्या," असं म्हणणारे सुरुवातीला फार भेटले. नाही म्हटल्यावर काही कामं गेली. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत दहा बाळं गेली. त्यानंतर सही करताना माझा हात आणखी जड झाला.

एक चूक आमच्याही हातून झाली आणि ती सांगितलीच पाहिजे. एका दवाखान्यात डिटेक्टर बसवले, रंगकाम चालू होतं म्हणून प्लास्टिकच्या कॅप तशाच ठेवल्या. सहा महिन्यांनी धुरासारखा टेस्ट स्प्रे मारला, तर अकरा डिटेक्टर गप्प. कॅप तशाच होत्या. पॅनल मात्र एवढे दिवस 'सगळं ठीक' दाखवत होतं, कारण वायर शाबूत होती. सहा महिने ते पेशंट कशाच्या भरवशावर झोपले, हा विचार अजून छळतो. तेव्हापासून कॅप मोजून पिशवीत भरल्याशिवाय आमचा माणूस साइट सोडत नाही, आणि एकूण एक डिटेक्टरला धूर दाखवल्याशिवाय मी सही करत नाही.

बॅटरीचंही तसंच. आपल्याकडे लाइट किती जाते ते वेगळं सांगायला नको. मेन बंद करून, नुसत्या बॅटरीवर हूटर वाजवून बघतो. बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांपैकी एक फुगलेली निघणं नेहमीचंच.

आज आम्ही सहाजण आहोत. लातूर, नांदेड, परभणी करतो. जालन्याकडची जिनिंगची कामं कापसाच्या तुसामुळे वेळखाऊ असतात, तिथे दर महिन्याला जातो.

त्या होस्टेलचं काम अजून आमच्याकडेच आहे. टेस्टच्या दिवशी मामा आधी मजल्यामजल्यावर जाऊन पोरांना सांगून येतात, मग खालच्या कॉल पॉइंटला, म्हणजे हाताने अलार्म वाजवायच्या डबीला, चावी स्वतः लावतात.