लाल बाजू

मायक्रोमीटरचा वर्कशॉपमध्ये फार बडेजाव. त्याला स्वतःची पेटी, रॅचेट फिरवताना ती कट-कट, आणि रीडिंग घेणाऱ्याच्या कपाळावर आठी. मला मात्र भोकाचं माप तपासणारं प्लग गेज आवडतं. वीतभर दांडा, मधे पकडायला खरखरीत जागा आणि दोन्ही टोकांना चकचकीत गोल. लांब टोक ‘गो’, आखूड टोक ‘नो गो’. नो गोच्या गळ्याशी लाल पट्टा. आकडा वाचायचा नाही, चष्मा शोधायचा नाही.

समजा, भोक 25 एच 7 चं आहे. म्हणजे 25.000 ते 25.021 मिलिमीटर. सगळी सूट 21 मायक्रॉनची; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्यावरचा केससुद्धा याच्या तिप्पट जाड भरेल. भोसरीच्या शेडमध्ये ऑपरेटर जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, उतरवतो, हवा मारतो, पुसतो आणि गो सोडतो. गो म्हणजे भोकाचं चालणारं सगळ्यात लहान माप. ते आपल्या वजनानं अलगद उतरलं पाहिजे. नवीन पोरगं हमखास जोर लावतं. मग जुना सेटर लांबूनच ओरडतो, “जावई आहे का तो, आग्रह करून आत न्यायला?”

मग लाल बाजू, म्हणजे चालणारं सगळ्यात मोठं माप. ती आत शिरली नाही की जॉब पास. नकार मिळाल्यावर सगळ्यांनी खूश व्हावं अशी ही एकच जागा मला माहीत आहे.

यात गो बिचारं झिजतं. दिवसभर आत-बाहेर तेच करतं ना; म्हणून तर ते लांब ठेवलेलं असतं. झिजून बारीक झालं की लहान भोकालाही बिनदिक्कत पास करायला लागतं. लाल बाजू वर्षानुवर्षं कोरी करकरीत. म्हणून गेज तपासायलाही वरचं माप लागतं, आणि त्या उतरंडीत वर बसतात स्लिप गेज, म्हणजे नेमक्या जाडीचे पोलादी तुकडे.

ते केले स्वीडनच्या योहान्सननं. एस्किलस्टुनाच्या बंदूक कारखान्यातला माणूस. 1896 साली त्यानं 102 पोलादी तुकड्यांचा संच मांडला. त्यातले मोजके तुकडे जोडायचे की हवं ते माप तयार. अशी जवळपास 20,000 मापं. तुकडे घासायला बायकोचं शिवणयंत्र बदलून वापरलं म्हणे. बाईंनी काय म्हटलं, ते कुठे लिहिलेलं नाही. दोन तुकडे स्वच्छ पुसून एकमेकांवर दाबत सरकवले की चिकटून बसतात, ना गोंद ना चुंबक. पहिल्यांदा हातात घेणारा ते ओढून बघतोच.

आता खरी भानगड म्हणजे ऊन. जगभर मापं धरली जातात 20 अंश सेल्सिअसला. इन्स्पेक्शनच्या खोलीतला एसी जॉबसाठी असतो. मे महिन्यात आपण काहीतरी निमित्त काढून तिथं जातो, ते वेगळं. गेज आणि जॉब दोन्ही पोलादाचे आणि सारखेच तापलेले असतील तर निभावतं. पण मशीनवरून नुकताच उतरलेला जॉब गेजपेक्षा 20 अंशांनी गरम असेल, तर 25 मिलिमीटरचं भोक जवळपास 6 मायक्रॉननं फुगलेलं असतं. इथं गो सुरेख उतरतं. माल गाडीत चढतो, थंड होतो, आणि गिऱ्हाइकाकडे त्यांचं गो दारातच अडतं.

मग फोन. “तुमचं गेज चुकलंय.” “नाही, तुमचं.” दोन्हीकडची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं निघतात, दोन्ही चोख. आवाज चढतात. शेवटी कोणीतरी शहाणा म्हणतो, तुमचं गेज घेऊन या, रात्रभर दोन्ही गेज आणि जॉब एसीत एकाच टेबलावर ठेवू, सकाळी लावून बघू.