सुटं गॅरेज हिवाळ्यात तापवायचं तर आधी फटी बुजवा

घरापासून वेगळ्या उभ्या असलेल्या गॅरेजला चारही बाजूंनी थंडी लागते. घराला चिकटलेल्या गॅरेजला निदान एक उबदार भिंत फुकट मिळते, इथे तीही नाही. म्हणून ‘हीटर कोणता घेऊ?’ हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारायचा. आधी उष्णता जाते कुठून ते मोजायचं.

६ बाय ७ मीटरचं, दोन गाड्यांचं गॅरेज धरू. उंची २.७ मीटर, आत १५ अंश सेल्सियस, बाहेर उणे १५. दोन-बाय-चार इंची लाकडांच्या फ्रेममध्ये आर-१३ ची ग्लासवूल म्हणजे काचेची लोकर (‘आर’ हे उष्णता अडवण्याचं माप, आकडा मोठा तितकं चांगलं), छतावर आर-३८, मोठं दार बऱ्यापैकी इन्सुलेटेड. भिंतींतून साधारण ८५० वॉट जातात, छतातून १९०, मोठ्या दारातून ३१०, छोटं दार आणि खिडकी मिळून १८०. काँक्रीटच्या जमिनीच्या उघड्या कडेतून मात्र सुमारे ९४० वॉट, म्हणजे भिंतींहूनही जास्त. आतली हवा तासाला अर्धी बदलत असेल तर तिच्यापायी आणखी ५६०. बेरीज ३ किलोवॉटच्या आसपास. पण फटी तशाच राहिल्या आणि हवा तासाला तीनदा बदलली, तर एकट्या हवेपायी ३,३५० वॉट जातात. बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त! म्हणून लोकरीचा पहिला गठ्ठा उघडण्याआधी हवेच्या वाटा बंद करायच्या.

एक मोठी गळती असते भिंतीचं खालचं लाकूड आणि काँक्रीट यांच्यामध्ये. तिथे आतून सीलंटची सलग रेघ ओढा. ६ मिलिमीटरपेक्षा रुंद फटीत आधी फोमची दोरी दाबा, नाहीतर सीलंट आत घसरतं आणि आक्रसून फाटतं. वायरची भोकं, खिडकीच्या चौकटीभोवतीची जागा, कोपऱ्यातले जोड यांना कमी फुगणारा स्प्रे फोम वापरा. जास्त फुगणारा फोम चौकट वाकवतो आणि मग खिडकी अडकते. विजेची नवी वायरिंग करायची असेल तर तीही आत्ताच. जिप्सम बोर्ड लागल्यावर प्रत्येक नवं बटण म्हणजे नवं भोक.

आता एक गोष्ट नीट पाहा. बऱ्याच जुन्या गॅरेजना बाहेरच्या फळ्या थेट उभ्या लाकडांवर ठोकलेल्या असतात, मध्ये प्लायवूड किंवा पाणी अडवणारा कागद नसतो. अशा भिंतीत लोकर थेट फळीला टेकवली, तर फळ्यांच्या सांध्यांतून आलेलं पावसाचं पाणी ती शोषते आणि फळी आतून कुजते. उत्तम उपाय म्हणजे फळ्या काढून प्लायवूड आणि हाऊसरॅप (पाणी अडवणारा कागदासारखा पडदा) लावणं. ते जमत नसेल तर उभ्या लाकडांमधल्या प्रत्येक कप्प्याच्या दोन्ही कडांना २० ते २५ मिलिमीटरच्या पट्ट्या ठोका, म्हणजे फळीमागे मोकळी जागा राहील, त्यांवर फोमची पाटी बसवा, चारही कडा स्प्रे फोमने बंद करा आणि मगच लोकर भरा. कंटाळवाणं काम आहे, पण भिंत त्यावरच टिकते.

लोकर दाबून कोंबू नका. साडेतीन इंचाच्या कप्प्यात साडेपाच इंची बॅट (लोकरीची गादी) ठासली तर तिच्यावर छापलेला आर-आकडा मिळत नाही. वायर असेल तिथे बॅट मधोमध फाडून अर्धी वायरच्या मागे, अर्धी पुढे ठेवा. विजेच्या खोक्यांभोवती सुरीने नेमकं कापा. रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) थोडी महाग, पण ताठ असते, खाली सरकत नाही आणि कापायला सोपी जाते. गॅरेजसाठी तीच बरी.

बाष्परोधक पडदा लोकरीच्या उबदार बाजूला, म्हणजे आतून. १८ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे जिथे तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, सुमारे ७ अंश असतो. बाहेरचं आवरण शून्याखाली असताना ही हवा तिथवर पोचली की पाणी धरतं आणि गोठतं. ६ मिलचं (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पॉलिथिन १५ सेंटिमीटर एकमेकांवर चढवून टेप करा. बाहेरून जाड फोम आधीच लावलेला असेल तर पॉलिथिन नको. दोन्हीकडून कोंडलेलं लाकूड वाळत नाही.

छताला हात लावण्याआधी कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, तपासून घ्या. गॅरेजच्या कैच्या अनेकदा फक्त छप्पर पेलण्यापुरत्या असतात. ५/८ इंची जिप्सम बोर्डचं वजन दर चौरस मीटरला १०-११ किलो, त्यावर भरलेली लोकर वेगळी. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. कैच्या एकमेकींपासून २४ इंचांवर असतील तर साधा अर्धा इंची बोर्ड कालांतराने झोळ धरतो. ५/८ इंची किंवा खास छताचा बोर्ड घ्या. वळचणीतून येणारी हवा लोकरीने बंद होऊ नये म्हणून प्रत्येक गाळ्यात बॅफल (लोकर मागे अडवणारी पन्हळ) लावून किमान २५ मिलिमीटरची वाट ठेवा.

मोठ्या दारावर ‘आर-१२’ छापलेलं असलं तरी तो आकडा पॅनेलच्या मध्याचा. सांधे आणि कडा धरल्यावर प्रत्यक्षात बराच कमी निघतो. बाजूंना आणि वर लवचिक पट्टी, खाली नवं रबर आणि जमिनीला चिकटवलेला उंबरठा, एवढ्याने मोठा फरक पडतो. जुन्या दाराला थर्माकोलच्या पाट्या लावल्या की वजन वाढतं आणि स्प्रिंगचा तोल जातो. मोटर सोडवून दार अर्ध्यावर उचला. हात काढल्यावर ते तिथेच थांबलं पाहिजे. खाली येत असेल तर स्प्रिंग जुळवायला माहितगार माणूस बोलवा. ताणलेली टॉर्शन स्प्रिंग हात मोडू शकते, तिथे हौस नको.

जमिनीच्या कडेला बाहेरून ५० मिलिमीटरचा एक्सपीएस (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरिन) हा टणक फोम ६० सेंटिमीटर खोलवर लावला तर त्या कडेचा तोटा साधारण पाव भागाने घटतो. खणताना पायाच्या तळाखाली जाऊ नका. पाया उथळ असेल तर फोम उभा लावण्याऐवजी जमिनीखाली आडवा, बाहेरच्या बाजूला पसरा. वर उघडा राहणारा भाग सिमेंट बोर्डने झाका. ऊन आणि गवत कापायचं यंत्र दोन्ही फोमला खातात. वाळवी असलेल्या भागात हा फोम तिच्यासाठी छुपा रस्ता ठरतो, तिथे तपासणीसाठी पट्टी उघडी ठेवावी लागते.

आतला फोम उघडा ठेवू नका. आगीच्या दृष्टीने त्यावर किमान अर्धा इंच जिप्सम बोर्ड हवाच. बोर्ड जमिनीपासून १५-२० मिलिमीटर वर ठेवा, कारण गाडीवरचा बर्फ वितळून पाणी पसरतं आणि टेकलेला बोर्ड ते वर ओढतो. खालची फट सीलंटने भरा, वरून प्लास्टिकची स्कर्टिंग लावा.

आता हीटर. वरच्या हिशेबाला ४ ते ५ किलोवॉट पुरे, थंड पडलेलं गॅरेज लवकर तापवण्यापुरती ती जास्तीची ताकद. २४० व्होल्टवर ५ किलोवॉट म्हणजे सुमारे २१ अँपिअर. सतत चालणारा लोड म्हणून सव्वापट धरलं की २६, म्हणजे ३० अँपिअरचं सर्किट. सुट्या गॅरेजला अनेकदा घरातून एकच १५-२० अँपिअरची लाइन आलेली असते. ती आधी पाहा, नवी केबल टाकण्याचा खर्च हीटरपेक्षा जास्त होऊ शकतो. मिनी-स्प्लिट हीट पंप (उलटा चालून खोली तापवणारा स्प्लिट एसी) विजेचा वापर बराच कमी करतो, पण बरेचसे १६ अंशांखाली सेट होत नाहीत. गॅरेज ८-१० अंशांवरच ठेवायचं असेल तर तशी सोय असलेलं मॉडेल घ्या आणि बाहेरचं युनिट बर्फाच्या वर येईल अशा स्टँडवर बसवा.

धुराडं नसलेला प्रोपेन हीटर बंद गॅरेजमध्ये नको. एक किलो प्रोपेन जळून सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं, ते सगळं तुमच्या भिंतींत आणि हत्यारांवर. शिवाय कार्बन मोनॉक्साइड. गॅसच वापरायचा तर जळणाची हवा बाहेरून घेणारा, धूर बाहेर सोडणारा हीटर घ्या आणि त्याची ज्योत किंवा ठिणगी जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर वर ठेवा, कारण पेट्रोलची वाफ खाली साचते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. आर्द्रता ५० टक्क्यांवर गेली की सुरू होणारा छोटा एक्झॉस्ट पंखाही बसवा. ओली गाडी आत आणणाऱ्यांना तो जवळजवळ रोज लागेल.